अनुभूतीची साक्ष

१

सोलापूरहून तुळजापूरला निघाले, की जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर तामलवाडी लागते. एरवी हे हमरस्त्यावरचे एक गाव. टोलनाका, पोलीस ठाणे, अखंड चाललेली वाहनांची वर्दळ. आश्विनात, कोजागरीच्या सुमारास मात्र या रस्त्याचे रूप पालटते. सोलापुरातून आणि पलीकडे कर्नाटकातून आलेली हजारो माणसे रात्रंदिवस पायी चालत तुळजापूरची वाट तुडवतात. त्यांत बायकांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी असते. ज्या देवीच्या दर्शनाला ही माणसे निघालेली असतात, तिच्या अवतरणाची कथा त्यांतील बहुतेकांना तोंडपाठ असते. त्या कथेच्या मुळाशी एका स्त्रीवरील अत्याचाराचा प्रयत्न आहे, हे मात्र आपण सहसा मोठ्याने म्हणत नाही.

कथा अशी : कर्दम ऋषी वारले. त्यांची पत्नी अनुभूती पदरी लहान मूल असल्यामुळे सती गेली नाही. मंदाकिनीच्या तीरावर तिने तप आरंभिले. कुकुर नावाच्या दैत्याची तिच्यावर पापी नजर गेली आणि तो तिच्या अंगावर चालून आला. अनुभूतीने आदिशक्तीचा धावा केला. देवी तत्काळ, त्वरेने धावून आली आणि तिने दैत्याचा वध केला. त्वरेने आली म्हणून त्वरिता. त्वरितेची तुरजा आणि तुरजेची तुळजा झाली, असे परंपरा सांगते.

कथा पुराणातली आहे, तिच्यातून इतिहास काढू नये, हे खरेच. पण कथेच्या रचनेत समाजाची एक धारणा गोठलेली असते आणि साहित्याच्या अभ्यासकाला ती वाचता यायला हवी. या कथेत दोन गोष्टी आहेत. पहिली ही, की अनुभूतीची हाक पुरेशी ठरते. देवी तिला पुरावा मागत नाही, अंगावरचे ओरखडे मोजत नाही, ‘तू आधी का ओरडली नाहीस’ असे विचारत नाही. दुसरी गोष्ट पहिलीइतकी सुखद नाही. अनुभूती पतिव्रता आहे, तपस्विनी आहे, माता आहे. कथेने तिच्या चारित्र्याची ग्वाही आधीच देऊन ठेवली आहे आणि मगच तिची हाक ऐकली आहे. जिच्या चारित्र्याची अशी ग्वाही कोणी दिलेली नाही, तिने हाक मारली तर काय, या प्रश्नावर कथा गप्प आहे.

घरातल्या आणि घराबाहेरच्या लैंगिक हिंसेविषयी महाराष्ट्रात जे संशोधन झाले, त्याचा इतिहास मला या गप्पपणाला शोधलेल्या उत्तराचा इतिहास वाटतो. ‘तिचा शब्द खरा मानायचा तो केव्हा?’ हा त्यातला कळीचा प्रश्न. मराठी समीक्षेत ‘अनुभूती’ हा शब्द आपण कलाकृतीच्या संदर्भात सढळपणे वापरतो. पण अनुभूती ही साक्षही असते, हे मान्य व्हायला फार काळ जावा लागला.

२

पेशवाईच्या दप्तरापासून सुरुवात करू. अठराव्या शतकातील पुण्याच्या कोतवालीच्या कागदांत स्त्रियांविषयीचे खटले पुष्कळ आहेत. न. के. वागळे यांनी १७६७ ते १७९१ या काळातील कोतवाली कागदांतील स्त्रियांचा अभ्यास केला आहे. या दप्तरात वारंवार भेटणारा शब्द आहे ‘बदअंमल’. विवाहबाह्य संबंधांना, व्यभिचाराला आणि एकंदरच न्यायसत्तेच्या दृष्टीने अयोग्य अशा शरीरसंबंधांना हा शब्द लावला जाई. गुन्हा मानला जाई तो जातीच्या, कुळाच्या आणि राज्याच्या मर्यादेविरुद्धचा. त्यामुळे स्त्री स्वखुशीने गेली की तिच्यावर बळजबरी झाली, हा प्रश्न दुय्यम ठरे. बदअंमलाबद्दल दोषी ठरलेल्या स्त्रियांना कुणबिणी करून सरकारी कामाला जुंपत, किल्ल्यांवर पाठवत. पुरुष अनेकदा दंड भरून मोकळा होई.

येथे लक्षात घ्यावा असा मुद्दा भाषेचा आहे. ज्या व्यवहारात एकाच शब्दाखाली प्रेम, व्यभिचार आणि बळजबरी ही तिन्ही येतात, तेथे तक्रार करणारी स्त्री तक्रार करता करताच आरोपी होऊन बसते. आपल्यावर काय झाले हे सांगायला तिच्यापाशी वेगळा शब्द नसतो. जो असतो तोच तिला गुंतवतो. स्त्रियांच्या मौनाचे कारण आपण बहुधा लाजेत शोधतो. ते थोडेफार शब्दसंग्रहातही शोधायला हवे.

एकोणिसाव्या शतकात या मौनाला पहिला तडा गेला, तोही भ्रूणहत्येच्या आणि बालहत्येच्या निमित्ताने. १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हावे, अशी ती व्यवस्था होती. १८८४ मध्ये मलबारींच्या टिपणांवर अभिप्राय देताना जोतीरावांनी या गृहात तोवर पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्याचे नमूद केले. आकडा लहान आहे. पण या प्रश्नावर उपदेश करणाऱ्यांचा सुकाळ असताना कोणीतरी बायका मोजल्या, त्यांना दार उघडले आणि त्यांच्या अवस्थेचे मूळ आसपासच्या पुरुषांच्या वर्तनात दाखवले, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे ज्याला आपण सामाजिक संशोधन म्हणू लागलो, त्याची ही एक आरंभरेषा मानायला हरकत नाही.

१८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. पुढे ती काळ्या पाण्यावर आली. वृत्तपत्रांनी या निमित्ताने एकूण स्त्रीजातीलाच धारेवर धरले. तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिले. या पुस्तकाचे आपण बंडखोर गद्य म्हणून कौतुक करतो, ते योग्यच. पण त्यातली युक्तिवादाची रीत अधिक महत्त्वाची आहे. जो दोष स्त्रीच्या माथी मारला जातो, तो त्या प्रसंगातील पुरुषापाशी नेऊन ताराबाई तपासतात. त्या विधवेचे मूल एकटीचे नव्हते, मग आरोपी एकटी कशी, एवढा साधा प्रश्न त्या विचारतात. पुस्तक विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा एका साहित्यसंशोधकाच्या हातून स्त्रीप्रश्नाच्या अभ्यासाला त्याची एक मूळ संहिता परत मिळाली.

१८९१ चा संमतिवयाचा कायदा आपल्याला टिळक-आगरकर वादातील एक प्रकरण म्हणून माहीत असतो. कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याने केलेल्या संभोगामुळे दगावली. त्याच्यावरील खटला १८९० मध्ये चालला. त्या पार्श्वभूमीवर संमतीचे वय दहावरून बारा करण्याचे विधेयक आले. पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी आपल्या पाहण्यात आलेल्या मुलींची प्रकरणे नोंदवून सरकारकडे निवेदन पाठवले. वैवाहिक जीवनातील लैंगिक हिंसेचा वैद्यकीय पुरावा म्हणून आज त्या निवेदनाकडे पाहता येते. वाद मात्र झाला तो धर्मशास्त्राचा, गर्भाधान संस्काराचा आणि परक्या सरकारच्या अधिकाराचा. ‘संमती’ हा शब्द त्या वर्षी मराठी वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. पण ती ज्या मुलीची, तिला कोणी काही विचारल्याचे दिसत नाही. संमतीच्या नावाने झालेल्या एवढ्या मोठ्या वादात संमती म्हणजे काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला.

३

न्यायालयात या प्रश्नाचे उत्तर दोन ग्रंथांनी दिले. एक १८७२ चा पुराव्याचा कायदा. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे ‘अनैतिक चारित्र्याची’ आहे असे दाखवून तिच्या साक्षीची विश्वासार्हता खोडून काढायला या कायद्याच्या १५५ व्या कलमाने मुभा दिली होती. ही तरतूद २००३ च्या दुरुस्तीपर्यंत कायम होती. दुसरा ग्रंथ वैद्यकशास्त्राचा. डॉ. जयसिंग मोदी यांचे न्यायवैद्यकावरील पाठ्यपुस्तक १९२० मध्ये निघाले आणि डॉक्टर-वकिलांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या गेल्या. योनिपटल, प्रतिकाराच्या खुणा, ‘संभोगाची सवय’ असलेले शरीर या कल्पना अशा ग्रंथांतून वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर आणि तेथून निकालपत्रांत उतरल्या. म्हणजे शब्दावर विश्वास नाही म्हणून शरीराला साक्षीला बोलवायचे, आणि शरीर काय बोलले ते मात्र दुसऱ्यानेच ठरवायचे, अशी ही व्यवस्था होती.

या व्यवस्थेची परीक्षा पाहणारा खटला महाराष्ट्रातच घडला. २६ मार्च १९७२ ची रात्र. तेव्हाच्या चंद्रपूर आणि आताच्या गडचिरोली जिल्ह्यातील देसाईगंजचे पोलीस ठाणे. भावाने दिलेल्या तक्रारीवरून एका आदिवासी मुलीला जबाबासाठी ठाण्यात आणले होते. आईबाप नव्हते, ती मोलमजुरी करून राहत होती. डॉक्टरांच्या मते वय चौदा ते सोळा. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब आटोपून सगळे निघाले, तेव्हा तिला एकटीलाच मागे थांबवून घेण्यात आले. बाहेर तिची माणसे उभी होती. आतले दिवे मालवले गेले, दार लागले. बाहेर आल्यावर आपल्यावर काय झाले, ते तिने तिथल्या तिथे सांगितले. जमाव जमला, म्हणून फिर्याद नोंदली गेली.

सर्व अभ्यासग्रंथांत हा खटला त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. येथे ते नाव मी लिहीत नाही. याच खटल्यामुळे पुढे जी कायदादुरुस्ती झाली, तिने पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे गुन्हा ठरवले. पण जिच्यामुळे ते झाले, तिचेच नाव जगभर झाले. न्यायालयाच्या दप्तरात मात्र खटला आरोपी पोलिसाच्या नावावर आहे.

या एका घटनेची तीन निवेदने तीन न्यायालयांनी लिहिली. १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलगी धडधडीत खोटे बोलते आहे, तिला शरीरसंबंधांची सवय आहे, म्हणून तिची संमती असणारच, असा तर्क होता. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा निकाल फिरवला आणि एकाला पाच वर्षांची, दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. भीतीपोटी असहायपणे केलेली शरणागती म्हणजे इच्छा नव्हे, असे या खंडपीठाने म्हटले. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांना मुक्त केले. अंगावर जखमेची खूण नाही, त्या अर्थी प्रतिकाराची गोष्ट बनावट. आणि प्रतिकार नाही, त्या अर्थी संमती आहे, असा या निकालाचा आशय होता.

हे तीन निकाल साहित्याच्या विद्यार्थ्याने एकापुढे एक ठेवून वाचावेत. घटना एकच, साक्षीदार तेच, कागद तेच. बदलतो तो निवेदक आणि त्याचा दृष्टिकोन. पहिल्या निवेदनात मुलीचे पूर्वचरित्र हेच कथानक आहे. तिसऱ्यात तिचे शरीर हाच मजकूर आहे, आणि तो कोरा आहे म्हणून गोष्टच नाही. फक्त दुसऱ्या निवेदनाला ती खोली दिसते : रात्र, पोलीस ठाणे, मालवलेला दिवा, लागलेले दार, दोन गणवेशधारी पुरुष आणि एक मजूर पोर. परिस्थिती हाही पुरावा असतो, हे नागपूरच्या न्यायाधीशांनी ओळखले होते.

४

१६ सप्टेंबर १९७९ रोजी चार कायदेअभ्यासकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना एक खुले पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार हे ते चौघे. सरन्यायाधीशपदी तेव्हा यशवंत विष्णू चंद्रचूड होते. भारतातील लैंगिक हिंसेच्या अभ्यासाचा इतिहास सांगताना या पत्राचा उल्लेख चळवळीची ठिणगी म्हणून होतो. मला ते त्याहून काही वेगळे वाटते. तो समीक्षेचा एक उत्कृष्ट नमुना आहे.

पत्रलेखकांनी काय केले? नवा साक्षीदार आणला नाही, नवा पुरावा दिला नाही. त्यांनी न्यायालयाचे निकालपत्र ओळ न् ओळ वाचले आणि त्यातल्या मोकळ्या जागा दाखवल्या. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान असलेल्या मुलीची, पोलिसांच्या ताब्यात असताना, रात्रीच्या वेळी मनःस्थिती काय असेल, याचा विचार निकालात कोठे आहे? स्त्रीला चौकशीसाठी ठाण्यात बोलावू नये हा फौजदारी प्रक्रियेतील नियम. त्याच न्यायालयाने १९७८ मध्येच नंदिनी सत्पथी खटल्यात तो ठासून सांगितला होता. तो या निकालात आठवला का नाही? पोलिसांच्या वर्तनाविषयी निषेधाचा एक शब्दही का नाही? आणि मुख्य म्हणजे, शरण जाणे आणि संमती देणे यांत कायद्याने व व्यवहारानेही फरक आहे. संमतीत शरण जाणे येत असेल; पण जे जे शरण जाणे, ते ते संमती नव्हे. विवाहापूर्वी तिचे कोणाशी संबंध असतील, तर त्यामुळे पोलिसांना तिच्यावर बळजबरीचा परवाना मिळतो काय, हा पत्रातला सर्वांत बोचरा प्रश्न.

संहितेत जे म्हटलेले नाही तेही वाचायचे, निवेदकाची गृहीतके उघडी करायची, एका शब्दाचे दोन अर्थ वेगळे काढून दाखवायचे. आपण वर्गात कविता शिकवताना हेच करतो. १८९१ मध्ये घरोघरी गाजलेल्या ‘संमती’ या शब्दाचा अर्थ अठ्ठ्याऐंशी वर्षांनी पहिल्यांदा नीट विचारला गेला, तो एका पत्रात. निकाल बदलला नाही. तो आजही तसाच आहे. बदलले ते निकालाबाहेरचे जग. १९८० च्या आरंभी मुंबईत बलात्काराविरोधी मंच उभा राहिला, तोच पुढे ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ झाला. ८ मार्च १९८० रोजी देशभर निदर्शने झाली. विधी आयोगाने त्याच वर्षी आपला ८४ वा अहवाल दिला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस, तुरुंग, रुग्णालय अशा ठिकाणी ताब्यातील स्त्रीवर बलात्कार झाल्याच्या खटल्यात शरीरसंबंध सिद्ध झाला असेल आणि ‘माझी संमती नव्हती’ असे ती न्यायालयात सांगत असेल, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, अशी तरतूद पुराव्याच्या कायद्यात आली.

ही तरतूद वाचताना तुळजापूरची कथा आठवते. काही विशिष्ट परिस्थितीत का होईना, तिची हाक पुरेशी मानली गेली. आणि यावेळी आधी तिच्या पातिव्रत्याची ग्वाही मागितली गेली नाही.

५

यानंतरच्या संशोधनाचे वळण वेगळे आहे. तोवर प्रश्न होता तिच्या शब्दाचा अर्थ लावण्याचा. आता प्रश्न आला तो तिचा शब्द ऐकायचा कसा, हा.

१९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली माणसे पोलीस कचेरीतच बसू लागली. ज्या जागेत देसाईगंज घडले, तशाच जागेत ऐकणाऱ्यासाठी एक खुर्ची मांडण्याचा हा प्रयोग होता. तो पुढे शासनाने राज्यभर नेला. याच संस्थेचे ग्रामीण केंद्र १९८६ पासून तुळजापुरात आहे. तामलवाडीवरून गेलेला रस्ता तिकडेच जातो.

२००० मध्ये मुंबई महानगरपालिकेच्या वांद्रे येथील भाभा रुग्णालयात ‘सेहत’ या संशोधन संस्थेच्या सहकार्याने ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झाले. त्यामागील निरीक्षण साधे होते. मार खाल्लेली बाई पोलिसांत जात नाही, पण रुग्णालयात येते. ‘मोरीत घसरून पडले’ असे सांगते. केसपेपरवर तेवढेच लिहिले जाते. मार कुठे बसला आहे, कितव्यांदा आली आहे, हे पाहून परिचारिकेने दोन प्रश्न आस्थेने विचारले, तर पडण्यामागची गोष्ट बाहेर येते. म्हणजे केसपेपर हीही एक संहिताच, आणि तिचेही दोन अर्थ असतात.

ऐकण्याची ही रीत आकडेवारीलाही शिकावी लागली. मुंबईच्या देवनार येथील लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत होणाऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या दुसऱ्या फेरीत, १९९८–९९ मध्ये, मारहाणीविषयी मोजके प्रश्न आले. २००५–०६ च्या तिसऱ्या फेरीत घरगुती हिंसेचे स्वतंत्र प्रकरणच आले. हे प्रश्न एका घरातील एकाच स्त्रीला विचारायचे, पूर्ण एकांत असेल तरच विचारायचे, कोणी आले तर विषय बदलायचा, असे नियम ठरले. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये अशा संशोधनासाठी नीतिनियम घालून दिले, त्यांचेही सार हेच : माहितीपेक्षा सांगणारीची सुरक्षितता मोठी. चुकीच्या रीतीने विचारलेला प्रश्न त्या रात्री तिला आणखी मार मिळवून देऊ शकतो. प्रश्नावली ही निरुपद्रवी वस्तू नव्हे, हे भान संशोधनाला आले.

२०१९–२१ च्या पाचव्या फेरीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी दहांतल्या सुमारे तिघींनी नवऱ्याकडून शारीरिक, लैंगिक वा मानसिक हिंसा झाल्याचे सांगितले. त्याहून मोठा मला दुसरा आकडा वाटतो. ज्यांनी शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली, त्यांच्यातील तीन-चतुर्थांशाहून अधिक जणींनी कोणाची मदत मागितलेली नव्हती आणि कोणाला सांगितलेही नव्हते. अशा स्त्रियांनी पहिल्यांदा सांगितले ते घरी आलेल्या अनोळखी प्रगणिकेला. हाक मारावी असे कोणी आपल्या माणसांत नाही, याचा तो आकडा आहे.

वैद्यकीय तपासणीचा प्रश्न मात्र रेंगाळत राहिला. देसाईगंजच्या मुलीच्या अंगावर जी परीक्षा झाली, तिच्यातील ‘सवयी’ची भाषा पुढची कित्येक वर्षे तपासणीच्या नमुन्यांत टिकून होती. २०१० मध्ये सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील न्यायवैद्यकाचे अध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दुरवस्थेवर अहवाल लिहिला; त्याच्या आधारे नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली. चौतीस वर्षांपूर्वी ज्या खंडपीठाने त्या मुलीवर विश्वास ठेवला होता, तेच हे खंडपीठ. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘दोन बोटांची चाचणी’ स्त्रीच्या प्रतिष्ठेचा भंग करणारी ठरवली. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवी मार्गदर्शक तत्त्वे आणली. आणि ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी समजला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. त्या पीठाचे प्रमुख होते धनंजय चंद्रचूड. १९७९ चे पत्र ज्यांच्या नावे होते, त्या सरन्यायाधीशांचे चिरंजीव. इतिहासात असे योगायोग असतात. त्यांना फार अर्थ चिकटवू नये. पण एका पत्राचे उत्तर यायला किती वेळ लागतो, याची कल्पना त्यावरून येते.

२०१३ च्याच कायदादुरुस्तीने संमतीची व्याख्या केली. शब्दांनी, हावभावांनी वा अन्य रीतीने व्यक्त झालेला निःसंदिग्ध, स्वेच्छेचा होकार म्हणजे संमती. आणि केवळ शरीराने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असे मानता येणार नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ती तशीच आहे. १९७९ च्या पत्रातील वाक्य चौतीस वर्षांनी कायदा झाले. मात्र त्याच संहितेत अठरा वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने केलेल्या संबंधांना बलात्कार न मानणारा अपवादही शिल्लक आहे. म्हणजे संमतीचा अर्थ सापडला आहे, तो घराच्या उंबऱ्यापर्यंत. १८९१ मध्ये ज्या उंबऱ्यावर वाद झाला, तोच हा उंबरा.

६

साहित्याच्या अभ्यासकांचा या सगळ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध दुहेरी आहे.

एक तर साहित्याने ही गोष्ट न्यायालयाआधी ओळखली होती. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ मध्ये रंगभूमीवर आले. त्यातील लीला बेणारेवरचा आरोप भ्रूणहत्येचा आहे. म्हणजे सुरतेच्या विजयालक्ष्मीच्या खटल्याचाच तो वारस. खेळातले न्यायालय बघता बघता खरे होते आणि तपासला जातो तो गुन्हा नव्हे, तर बाई. सत्र न्यायालयाचा १९७४ चा निकाल वाचताना हे नाटक आठवल्याखेरीज राहत नाही. बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये आपल्याच समाजातील सासुरवाशिणींच्या छळाविषयी निर्भीडपणे लिहिले. शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने साक्ष म्हणून, ज्ञानाचे साधन म्हणून वाचायला शिकवले. जात आणि लिंगभाव या दोन्हींच्या कात्रीत सापडलेल्या स्त्रीचा शब्द सर्वांत कमी भावाने तोलला जातो, हे त्यातून दिसले. देसाईगंजची मुलगी आदिवासी आणि मजूर नसती, तर तीन न्यायालयांनी तिची गोष्ट याच शब्दांत लिहिली असती का, हा प्रश्न टाळता येत नाही.

आणि त्याही आधी ओवी होती. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी महाराष्ट्रातील हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. माहेर, सासर, भाऊ, विठ्ठल आणि तुळजाभवानी यांच्या बरोबरीने नवऱ्याचा मार, सासूचा जाच, नजरेचा जाच हेही त्यांत आहे. पहाटेच्या अंधारात, पुरुष झोपलेले असताना, जात्याच्या घरघरीच्या आडोशाने बायका जे एकमेकींना सांगत होत्या, ते त्यांचे जबाबच होते. प्रश्नावलीला एकांत लागतो, हे संशोधनाने २००५ च्या सुमारास अमलात आणले. जात्याला ते शेकडो वर्षे ठाऊक होते. आपण त्या ओव्यांत लय, प्रतिमा आणि भक्तिभाव शोधला. त्यांतली साक्ष मात्र पुष्कळदा ऐकलीच नाही.

दुसरा संबंध अधिक थेट आहे. हिंसेचा अभ्यास शेवटी वाचनाचा अभ्यास आहे. निकालपत्र, केसपेपर, पंचनामा, फिर्याद, ओवी ही सारी माणसांनी लिहिलेली, सांगितलेली संहिता. कोण बोलतो, कोणाबद्दल बोलतो, काय गाळतो, कोणता शब्द कोणत्या शब्दाच्या जागी ठेवतो, हे पाहण्याचे शिक्षण आपण घेतो आणि देतो. ते फक्त कवितेपुरते वापरायचे असेल, तर ते फार महागडे शिक्षण म्हणावे लागेल. चार अध्यापकांनी एक निकालपत्र नीट वाचले आणि एका देशाचा कायदा बदलला. चांगल्या वाचनाची याहून मोठी फलश्रुती मला ठाऊक नाही.

पुढच्या कोजागरीला तामलवाडीवरून पुन्हा माणसे चालतील. त्यांत लेकींना घेऊन निघालेल्या आया असतील, एकट्या निघालेल्या बायका असतील. हमरस्त्यावरच्या या गावात पोलीस ठाणे आहे आणि वाटेच्या शेवटी हाकेला धावून येणारी देवी आहे, अशी श्रद्धा आहे. श्रद्धेचे काम श्रद्धेने करावे. ठाण्याचे, रुग्णालयाचे, न्यायालयाचे आणि वर्गाचे काम वेगळे आहे. त्यांनी त्वरितेसारखे धावून येणे दूरच. निदान हाक ऐकू आल्यावर, ती मारणारी कोण आणि कशी आहे याची आधी चौकशी करू नये, एवढे शिकायला आपल्याला दीडशे वर्षे लागली आहेत. शिक्षण अजून पुरते झालेले नाही.